पाना कुणाच्या हातात?

पिकअप गाडीचे मागचे ब्रेक घरच्या अंगणात बदलता येतात. सपाट जागा, जॅक, गाडी टेकवायला दोन भक्कम लोखंडी घोडे, पान्यांचा संच, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, नव्या ब्रेक-शूचा संच आणि एक सकाळ, एवढे असले की काम होते. हे काम गाडीच्या मालकिणीने, गाडीतून कामाला जाणाऱ्या बायकांनी आणि बचत गटाच्या सभासदांनी शिकलेच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. हे म्हटले की तीन प्रकारची माणसे हसतात. गावातले पुरुष हसतात, त्याचे नवल नाही. प्रशिक्षणाच्या योजना आखणारे अधिकारी हसतात, त्याचेही नाही. पण आपल्या चळवळीतल्या मैत्रिणीही हसतात आणि म्हणतात, "अगं, बायकांचे प्रश्न काय थोडे आहेत, की आता त्यांना ब्रेक बदलायला शिकवायचं?" हा लेख मुख्यतः त्या हसण्याला उत्तर म्हणून लिहिते आहे.

हौद्यात कोण उभे असते?

पिकअप ही मालवाहू गाडी आहे, असे आरटीओचा कागद म्हणतो. खेड्यातला अनुभव वेगळा आहे. सकाळी द्राक्षाच्या छाटणीला, कांद्याच्या लागणीला, टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्या मजूर बायका याच गाडीच्या हौद्यात उभ्या असतात आणि संध्याकाळी त्याच हौद्यातून परत येतात. लग्नाचे वऱ्हाड त्यातूनच जाते, अडलेली बाळंतीण त्यातूनच दवाखान्यात पोचते आणि श्रावणातले देवदर्शनही त्यातूनच होते. पुढे केबिनमध्ये चालक आणि त्याच्या शेजारी एखादा कर्ता पुरुष. मागे बायका, पोरे, डबे आणि खुरपी.

११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या बायका कुंडेश्वराच्या दर्शनाला अशाच एका पिकअपमधून निघाल्या होत्या. घाटातल्या चढावर गाडी मागे आली आणि खाली कोसळली. किमान दहा बायकांचा जीव गेला. त्या गाडीत काही दोष होता की नव्हता, याबद्दल मी बोलणार नाही. ते तपास यंत्रणेचे काम आहे. माझा प्रश्न निराळा आहे. अशा गाड्यांच्या हौद्यात रोज चढणाऱ्या हजारो बायकांपैकी एकीला तरी "थांबा, आधी हँडब्रेक ओढून दाखवा" असे म्हणण्याची मुभा असते का? आणि मुभा असली, तरी काय बघायचे हे तिला कुणी शिकवलेले असते का?

मालवाहू गाडीतून माणसे नेणे कायद्याला मान्य नाही. त्याची किंमतही शेवटी हौद्यातल्या माणसालाच मोजावी लागते. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात दिला. म्हणजे गाडी कोसळली तर जीव बाईचा जाणार, आणि भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या तिच्या पोरांनी झिजवायच्या! गावोगाव एसटीची फेरी वेळेवर पोचली पाहिजे, ही आपली मागणी आहेच आणि ती सोडायची नाही. पण ती फेरी येईपर्यंत बाई त्या हौद्यातच उभी राहणार आहे.

मग मुद्दा मागच्याच ब्रेकचा का? ब्रेक दाबल्यावर मोठा भार पुढची चाके घेतात, हे खरे. परंतु पिकअपच्या हौद्यातला भार मागच्या चाकांवर येतो, आणि आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांनाच धरतो. चढावर गाडी थांबली आणि चालकाने हँडब्रेक ओढला, की तिला धरून ठेवायचे काम मागच्या ब्रेकचे. हे ब्रेक लोखंडी ड्रमच्या आत झाकलेले असतात. ड्रम उतरवल्याशिवाय ते किती झिजले हे नीट कळत नाही. त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. "लागतोय ना ब्रेक? मग चालू द्या," असे म्हणून आणखी एक हंगाम काढला जातो. तो हंगाम कुणाच्या जिवावर काढला जातो, ते वर सांगितलेच आहे.

मालकीण कागदावर

महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. पुढे बचत गट गावोगाव पोचले. २०१५ मध्ये मुद्रा योजना आली. या सगळ्यातून बायकांच्या नावावर कर्ज मिळू लागले आणि बाई हप्ता बुडवत नाही हे बँकांना कळून चुकले. आज गावात फिरताना अशा पिकअप दिसतात, ज्यांचे नोंदणीपुस्तक बाईच्या नावावर आहे, कर्ज बाईच्या नावावर आहे, गटाची हमी बायकांची आहे. किल्ली मात्र दिराच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असते. गाडी कुठे जाते, किती माणसे भरते, ब्रेक कधी तपासले, हे मालकिणीला विचारा. ती म्हणते, "ते मला काय कळतंय ताई, ह्यांनाच माहीत."

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि बायका सरपंच झाल्या, तेव्हा खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा असा प्रकार आपण पाहिला. त्याला 'सरपंचपती' असे नाव पडले. आपण त्यावर शिबिरे घेतली, बायकांना ग्रामपंचायतीचे दप्तर वाचायला शिकवले, ठराव लिहायला शिकवले. कारण दप्तर वाचता आल्याशिवाय खुर्ची आपली होत नाही, हे आपल्याला पटले होते. मग गाडीच्या बाबतीत हा न्याय का लावत नाही? गाडीचे दप्तर म्हणजे तिची चाके, तिचे ब्रेक, तिचे ऑइल. ते वाचता येत नाही तोवर ही मालकीसुद्धा 'गाडीपतीं'चीच राहणार.

माझ्या कामाच्या भागातल्या एका ताईंनी पिकअपचे ब्रेक करकरतात म्हणून ती स्वतः गॅरेजवर नेली. मेस्त्रींनी गाडीकडे न बघता विचारले, "वहिनी, दादा नाहीत का घरी? त्यांना पाठवा, तुम्हाला सांगून काय उपयोग?" दुसऱ्या दिवशी दादा गेले. लायनर बदलल्याचे सांगितले गेले, बिल झाले. हप्त्याबरोबर ते बिलही ताईंनी गटाच्या कमाईतून भरले. काय बदलले, जुने शू कुठे आहेत, ड्रम तपासला का, यातले काहीही त्यांना कुणी सांगितले नाही. मेस्त्री लबाड होते असे मी म्हणत नाही. काम चोख झाले असेलही. पण पैसे देणाऱ्या मालकिणीशी बोलायचेच नाही, हा गॅरेजचा रिवाज आहे. तो रिवाज मोडायचा तर आपल्याला कामाची माहिती हवी.

आता प्रशिक्षणाकडे पाहा. बाईसाठी प्रशिक्षण म्हटले की शिवणकाम, ब्युटी पार्लर, पापड-लोणची, अगरबत्ती ही यादी ठरलेली. वर्षानुवर्षे तीच. एका गावात पंधरा शिंप्या तयार करायच्या आणि मग ब्लाउजची शिलाई पडली म्हणून हळहळायचे! महाराष्ट्रातल्या शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही तिथे आहे. पण गावात जाऊन मुलीच्या आईबापांना "हिला मोटार मेकॅनिकला घाला" असे सांगणारे कोण आहे? आपणसुद्धा तिला नर्सिंग किंवा संगणक सुचवून मोकळ्या होतो.

यंत्रापासून बाईला लांब ठेवण्याचे काम घराने केले तसे कायद्यानेही केले. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या २२व्या कलमात, फिरत्या यंत्राची सफाई करणे, त्याला तेल देणे किंवा ते जुळवणे या कामांना स्त्री आणि अल्पवयीन कामगार या दोघांना मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य. पण प्रौढ बाईला पोराच्या रांगेत बसवून ते संरक्षण दिले गेले! फिरत्या यंत्रात पुरुषाचाही हात तुटतो. मग यंत्र थांबवूनच हात लावावा, असा नियम सर्वांना सारखा का नव्हता? आता कामगार कायद्यांची फेररचना झाली आहे. डोक्यातले २२वे कलम मात्र जागेवरच आहे.

काम आहे तरी काय?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. कारण "ते पुरुषांचे काम" या शब्दांमागे काय दडले आहे, हे उघड करून पाहिल्याशिवाय त्याची भीती जात नाही.

गाडी रिकामी करून सपाट, कडक जमिनीवर उभी करायची. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे आणि गाडी गिअरमध्ये ठेवायची. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. मग जॅक लावून गाडी उचलायची आणि लगेच धुरीखाली लोखंडी घोडे द्यायचे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, विटांच्या थरावर गाडी टेकवायची नाही. हा नियम कुणीही, कितीही घाई असली तरी मोडायचा नाही.

चाके काढल्यावर ड्रम दिसतो. तो काढण्याआधी हँडब्रेक सोडायचा, नाहीतर आतले शू ड्रमला धरून राहतात. ड्रम गंजून बसला असेल तर पुष्कळ ड्रमवर दोन आट्यांची भोके असतात. त्यात बोल्ट घालून दोन्हीकडून सारखे आवळत गेले की ड्रम बाहेर येतो. आत दोन चंद्रकोरी दिसतात, त्या ब्रेक-शू. त्यांच्यावर चिकटवलेला किंवा रिबिटांनी बसवलेला थर म्हणजे लायनर. वर व्हील सिलिंडर असतो. पेडल दाबले की ऑइलच्या दाबाने त्याचे दट्टे बाहेर येतात, शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. पेडल सोडले की स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. सारे रहस्य एवढेच आहे.

एका वेळी एकच बाजू उघडायची. म्हणजे कुठली स्प्रिंग कुठे होती याची शंका आली तर दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येते. स्प्रिंगा काढताना डोळ्यांवर चष्मा हवा, कारण त्या ताणलेल्या असतात आणि उडतात. जुने शू काढले की व्हील सिलिंडरचे रबर हलकेच उचलून पाहायचे. आत ऑइलचा ओलावा असेल तर सिलिंडर गळतो आहे, आणि नुसते शू बदलून भागणार नाही. ड्रमचा आतला पृष्ठभाग हाताने चाचपायचा. खोल चरे, तडे किंवा कड पडली असेल तर ड्रम तपासून घ्यायचा. तो जास्तीत जास्त किती झिजू द्यायचा, ते माप पुष्कळदा ड्रमवरच कोरलेले असते. नवे शू बसवताना लायनरला ग्रीस किंवा ऑइल लागू द्यायचे नाही. शू नेहमी दोन्ही चाकांचे मिळून बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

ड्रम परत बसवला की शू जुळवून घ्यायचे. ड्रम हाताने फिरला पाहिजे आणि फिरताना किंचित घासल्याचा आवाज आला पाहिजे. सिलिंडर किंवा ऑइलची नळी उघडली असेल तर एअर काढावी लागते. एकीने पेडल दाबून धरायचे, दुसरीने निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पेडल सोडायच्या आत ते बंद करायचे. हे दोघींचे काम आहे. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच, बंद डब्यातले. उघड्या डब्यातले ब्रेक-ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. मग चाके बसवायची, गाडी खाली घ्यायची, नट समोरासमोरचे याप्रमाणे पुरते आवळायचे. पेडल कडक लागेपर्यंत दाबून पाहायचे. हँडब्रेक जुळवायचा. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, हळू वेगात चाचणी. ती पास झाल्याशिवाय हौद्यात एकही माणूस चढवायचे नाही.

पहिली दोन-तीन वेळा जाणत्या मेस्त्रीला शेजारी बसवून हे काम करावे. सिलिंडर गळत असेल, ड्रमला तडा असेल, पेडल खाली बसत असेल, तर गॅरेजवर जावेच. पण तेव्हा ही बाई "ब्रेक करकरतात" एवढेच सांगणार नाही. ती म्हणेल, "डाव्या बाजूचा सिलिंडर गळतोय, रबराखाली ओल आहे." मग दादांना पाठवा, असे तिला कोण म्हणेल?

लायनरची धूळ आणि धुण्याचा पिळा

या कामात एक धोका असा आहे, ज्याविषयी गॅरेजमध्येही क्वचितच बोलले जाते. ड्रम उघडला की आत काळसर धूळ साचलेली असते. लायनरमध्ये पूर्वी सर्रास अॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच राहतात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कर्करोगासारखे आजार उद्भवतात. युरोपीय संघाने २००५ पर्यंत अॅस्बेस्टॉसवर बंदी आणली. भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. जुन्या गाडीच्या ड्रममध्ये काय आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येक ड्रम अॅस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे. धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने कधीही उडवायची नाही, कोरड्या ब्रशने झाडायची नाही. साबणाचे पाणी फवारून, ओल्या फडक्याने पुसायची. चांगल्या प्रतीचा मास्क लावायचा. ते फडके पिशवीत बांधून टाकायचे. पोरांना तिथे फिरकू द्यायचे नाही. नवे शू घेताना डब्यावर अॅस्बेस्टॉसविरहित असे लिहिलेले पाहूनच घ्यायचे.

पण मैत्रिणींनो, ही धूळ गॅरेजमध्ये थांबत नाही. ती मेस्त्रींच्या कपड्यांतून घरी येते. ते कपडे कोण झटकते? कोण घासते? १९६५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात अॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या दुर्मिळ कर्करोगाचे रुग्ण तपासले गेले. त्यांत अशाही बायका निघाल्या, ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवले नव्हते. त्यांनी घरच्या पुरुषाचे कामाचे कपडे धुतले होते. आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय दिला. मोठा निर्णय आहे. पण कामगाराचे कपडे धुणारी बाई हजेरीपटावर नसते. तिला कामगार कोण म्हणणार?

याचा अर्थ सरळ आहे. ब्रेकच्या कामाचा धोका बाई आधीपासूनच उचलते आहे. हौद्यात उभी राहून उचलते, धुण्याच्या दगडावर उचलते. तिला मिळत नाही ते फक्त त्या कामाचे ज्ञान, त्याची मजुरी आणि त्याबद्दल बोलण्याचा अधिकार.

"बाईला झेपेल का?"

पहिला आक्षेप ताकदीचा. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी. तो डोक्यावर, दुसरी घागर कमरेवर, आणि वाट चढाची! तेव्हा झेपेल का असे कुणी विचारत नाही. नट घट्ट असेल तर पान्याला लांब पाइप जोडला की तो सुटतो. जॅकचा शोधच मुळी माणसाला गाडी उचलता येत नाही म्हणून लागला. पुरुषालाही ती उचलता येत नाही. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरमध्ये शांतीदेवींनी वर्षानुवर्षे ट्रकची चाके उतरवून दुरुस्ती केली. ती पिकअपच्या चाकाहून कितीतरी जड असतात.

दुसरा आक्षेप धोक्याचा. ब्रेकशी खेळ नको, जिवाचा प्रश्न आहे, असे सांगतात. अगदी खरे! म्हणूनच शिकायचे. धोक्याचे कारण पुढे करणाऱ्यांना एक आठवण करून देते. याच समाजाने पंपाचा स्टोव्ह बाईच्या हाती दिला होता. त्यात रॉकेल, हवेचा दाब, वॉशर, निपल असे सगळे होते. पिन मारून निपल मोकळे करणे, चामड्याचा वॉशर बदलणे, दाब कमी-जास्त करणे हे यंत्राचे काम घरोघरी बायकाच करत होत्या. तेव्हा तो धोका कुणाला दिसला नाही. आणि 'स्टोव्हचा भडका' या दोन शब्दांखाली किती सुना जाळल्या गेल्या, ते या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. शिलाई मशीनचे शटल जुळवणारी, दारोदार फिरून जात्या-पाट्याला टाकी लावून देणारी बाई हीसुद्धा कारागीरच. पण तिच्या कौशल्याला आपण कधी यंत्रज्ञान म्हटले नाही.

तिसरा आक्षेप : मोटार हे मुळातच पुरुषांचे जग. या म्हणणाऱ्यांनी मोटारीचा इतिहास वाचावा. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये मोटारीचे पेटंट घेतले. त्यांचा धंदा उभा राहावा म्हणून बर्था यांनी लग्नाआधीच आपला हुंडा माहेरून मागून घेऊन त्यात घातला होता. पेटंटवर नाव मात्र कार्ल यांचे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. जायचे कुठे होते? माहेरी! वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले तेव्हा त्यांनी एका चांभाराला त्यांवर चामडे ठोकून द्यायला लावले. ब्रेकला लायनर बसवण्याची सुरुवात इथून सांगितली जाते. म्हणजे वाटेत थांबून ब्रेकला नवे लायनर लावून घेणारी, इतिहासात नोंदलेली पहिली व्यक्ती ही माहेरी निघालेली एक बाई आणि तिच्या सांगण्यावरून हात चालवणारा एक चांभार! आज गॅरेजमध्ये "वहिनी, तुम्हाला सांगून काय उपयोग?" असे म्हणणाऱ्यांना हे सांगितले पाहिजे.

चळवळीतल्या मैत्रिणींना

आता आपल्याच मैत्रिणींचा आक्षेप. तो सर्वांत गंभीर आहे आणि मी तो गंभीरपणे घेते. त्या म्हणतात : बाई घरात राबते, शेतात राबते, गटाची बैठक करते. आता गाडीखालीही तिनेच जायचे? मजुरी वाचवायला घरातल्यांना आणखी एक फुकटची कामकरीण मिळेल, दुसरे काय?

हे खरे होऊ शकते. बाईने नवीन काम शिकले की ते तिच्या जुन्या कामांच्या ढिगावर पडते, हा आपला अनुभव आहे. म्हणून मी बाईने एकटीने, घरचे काम म्हणून ब्रेक बदलावेत असे म्हणतच नाही. हे गटाचे काम असावे, त्याची मजुरी ठरलेली असावी आणि ती गाडीच्या खर्चात धरलेली असावी. ज्या सकाळी ती गाडीखाली असेल, त्या सकाळी चूल दुसऱ्या कुणीतरी पेटवायची आणि त्या दिवसाचे तेलकट कपडे घरातल्या पुरुषाने वेगळे धुवायचे. हे आधी ठरवूनच अवजार हातात घ्यायचे. काम वाटून घेण्याची बोलणी रिकाम्या हाताने करण्यापेक्षा हातात कसब असताना केलेली बरी, असे माझे मत आहे.

ओझे वाढेल म्हणून शिकवू नका, हा युक्तिवाद आपल्या विरोधकांनी नेहमीच वापरला. मुलींच्या शाळेबाबत वापरला, एसटीच्या स्टिअरिंगबाबत वापरला. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेचे इंजिन चालवून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. इंजिनावर चढण्याआधी त्यांनी कराडला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदविका घेतली होती. आपण त्यांच्या छायाचित्राचे कौतुक करतो आणि त्यामागचे तांत्रिक शिक्षण विसरतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हात काळे करण्याच्या कामाबद्दल आपल्या मनात जी अढी आहे, ती केवळ बाई म्हणून नाही. तिची मुळे जातीत आहेत. लोखंड, चामडे, तेल यांना हात लावणाऱ्यांना या समाजाने खाली बसवले आणि पोथी हातात धरणाऱ्यांना वर. समाजकार्याची पदवी घेतलेल्या आमच्यासारख्या कार्यकर्त्या खेड्यात जातात तेव्हा फळा, चार्ट आणि भाषण घेऊन जातात. जाणीवजागृती महत्त्वाची आहेच. पण जाणीव झालेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हौद्यात चढणार असेल, तर आपल्या जागृतीचा तिला काय उपयोग?

काय करायचे?

मागण्या थोडक्या आहेत आणि अशक्य एकही नाही.

बाईच्या नावावर गाडीचे कर्ज मंजूर करताना बँकेने आणि महामंडळाने त्या गाडीच्या देखभालीचे प्रशिक्षण त्याच योजनेत द्यावे. प्रशिक्षण गावात, गटाच्या सोयीच्या वेळी व्हावे. मुलांना सांभाळण्याची व्यवस्था आणि बुडालेला रोज हे दोन्ही त्यात धरावे.

ग्रामसंघाच्या निधीतून अवजारांचा एक संच घ्यावा : जॅक, घोडे, पाने, चष्मे, मास्क. तो कार्यालयात बायकांच्या ताब्यात राहावा. सतरंज्या आणि भांडी गटाकडे असतात, तशीच अवजारे असावीत.

आयटीआयच्या प्रवेशाच्या वेळी मोटार मेकॅनिकच्या राखीव जागा भरल्या की नाही, हे प्रत्येक तालुक्यात आपण जाऊन विचारावे. न भरलेली प्रत्येक जागा ही एका मुलीची हुकलेली मजुरी आहे.

लायनरच्या डब्यावर त्यात काय आहे हे मराठीत छापण्याची सक्ती असावी. गॅरेजमधल्या कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्या बायकांच्या फुप्फुसांची तपासणी व्हावी.

आणि एक गोष्ट सरकारची वाट न पाहता करता येईल. गावातल्या मजूर बायकांनी ठरवावे, की दर महिन्याला एक दिवस गाडी निघण्याआधी दोघीजणी तपासतील. ब्रेक-ऑइलची पातळी खुणेच्या खाली गेली आहे का, चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का, रिकामी गाडी चढावर नुसत्या हँडब्रेकवर थांबते का आणि मागचे शू शेवटचे कधी बदलले. या चार गोष्टींचे उत्तर मिळाल्याशिवाय कुणी चढायचे नाही. पहिल्या दिवशी चालक चिडेल, मुकादम रोज कापण्याची धमकी देईल. एकटीला ते जमणार नाही. पण पंचवीस जणी खाली उभ्या राहिल्या, तर त्या दिवशी द्राक्षे कोण तोडणार आहे?

पुढच्या गटबैठकीत हा विषय ठेवा. तुमच्या गावात कुणाच्या नावावर गाडी आहे आणि तिची किल्ली कुणाकडे असते, याची यादी करा. कुठे विरोध झाला, कुठे मेस्त्री आपणहून शिकवायला तयार झाले, ते आम्हाला लिहून कळवा.